म्हातारीचं गॅस्केट शाबूत आहे, भाऊ

भाऊ, आधी माफी मागते. माझं अक्षर तुला माहीत आहे. तेलाच्या डब्यात पडलेली मुंगी बाहेर निघून कागदावरून चालत गेली तर असं दिसेल, असं तू म्हणायचास. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, आणि चौथीनंतर कोणी विचारलंच नाही. पापडाच्या पिशवीत घालायच्या चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे, म्हणून ओळी आखूड आहेत. चुका दिसल्या तर हसून घे. हे कोणाला दाखवायचं नाही. पण आज कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही, आणि हे ज्याला सांगावं असा माणूस एकच होता.

भाऊ, गॅस्केट गेलेलं नाही!

एवढं लिहून मी पाणी प्यायला उठले. आनंदानं उठले, दुसरं काही समजू नकोस. बोटांना अजून लिंबाचा आणि रॉकेलचा वास येतो आहे. म्हातारी शेडमध्ये उभी आहे. तिचं बोनट अजून कोमट आहे, आत्ताच हात लावून आले.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगते, कारण आज तू मधे बोलणार नाहीस.

मेहकरच्या एका जुन्या डॉक्टरांच्या गोठ्यातून तू ही मोटार ट्रॅक्टरला बांधून जानेफळला ओढत आणलीस, तो दिवस मला आठवतो. गोल दिवे, गोल पाठ, सायीसारखा रंग, आणि मागच्या सीटवर कोंबडीची अंडी. गल्लीतली सगळी लेकरं मागे धावत होती. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "हे काय आणलं? मोटार हाये का खुराडं?"

"म्हातारी म्हन तिले," तू म्हणालास. "आपल्याहून वयानं मोठी हाये. नाव ठेवू नाई."

पैसे कमी पडत होते. मी माझी पोत मोडली आणि पापडाचे साठलेले होते ते दिले. तुझ्या भावजींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पोत पेटीतच पडून होती. तू घेताना म्हणालास, "उधार हाये वं सुमे. दान नाई." मी म्हटलं, हाव. तेव्हापासून तू रोज संध्याकाळी शेडला कुलूप लावून माझ्या दारावरून घरी जाताना एकच बोलायचास, "तुह्ये बाकीचे ध्यानात हायेत बरं का." मी आतून म्हणायची, "हाव हाव, जा." मधेच कधी थोडे देऊनही जायचास. पण पैसे दिलेल्या दिवशीही ते वाक्य म्हटल्याशिवाय गेला नाहीस.

तू म्हातारीला जिवंत केलंस. मी शेजारी बसून रॉकेलमध्ये भाग धुतले, प्लग घासले, उजेडाला बॅटरी धरली. तू पान्हा कधी नावानं मागितला नाहीस. गाडीखालून नुसता हात बाहेर यायचा, आणि बोल्टाच्या करकर आवाजावरून मला कळायचं की कोणता द्यायचा. गिऱ्हाईक आलं की मी पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. मला काही वाटलं तर तुझ्या कानात सांगायची, आणि तू मोठ्यानं म्हणायचास, "मले वाटते कार्बोरेटरचं असन." मग माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करायचास. लोक म्हणायचे, काय डोकं आहे. मला त्याचा राग नव्हता आला कधी. मला ते फार आवडायचं. हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आता लोणारची वरात. तिथूनच सगळं सुरू झालं.

म्हातारीचं ते पहिलं भाडं. नवरदेव आपल्या जानेफळचा, नवरी लोणारची. लग्न लागलं, जेवणं झाली, नवरा-नवरी मागच्या सीटवर, तू चालवायला, आणि मी पुढे, पान्हा द्यायला म्हणून. मागे वऱ्हाडाची जीप. गाव सोडून थोडं आलो आणि म्हातारीच्या तोंडातून वाफ निघाली. फॅनचा पट्टा ढिला पडला होता. तू झाकणावर पोतं टाकून थांबलास, मग झाकण काढलंस. आत पाणी तळाला गेलेलं. वऱ्हाडाच्या बाटल्या रिकाम्या, आसपास विहीर नाही. तेवढ्यात नवरदेवाच्या चुलतभावानं जीपमधून एक कॅन काढला आणि रेडिएटरमध्ये उलटा केला.

जीपमधून नवरदेवाची मावशी बाहेर पडली ती ओरडतच. "अरे मेल्यायहो! थे माह्यं औषध हाये! तळ्यातून वर आणता आणता माह्ये गुडघे गेले!"

मावशीच्या पायाला खाज होती. लोणारच्या तळ्याच्या पाण्यानं ती जाते असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. बाई पहाटे ती सगळी उतरण उतरून गेली होती आणि कॅन भरून घेऊन आली होती.

तू म्हणालास, "मावशी, आज म्हातारीले खाज सुटली. तुमची उद्या पाहू."

सगळं वऱ्हाड हसलं. नवरीसुद्धा हसली. मीही पदरात तोंड घालून हसले. मावशी जानेफळ येईपर्यंत शिव्या देत होती. दुसऱ्या दिवशी तू नवीन पट्टा बसवलास आणि आपण ते विसरून गेलो.

पण म्हातारी मात्र तेव्हापासून बिघडली. जरा चालली की तापाचा काटा लाल रेषेकडे. झाकण काढून बघावं तर पाण्यात बुडबुडे, नुसते बुडबुडे. पाणी रोज कमी. आणि ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय. मेहकरहून रशीदभाई आले, तुझ्या उमेदवारीपासूनचे जोडीदार. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उस्ताद, हेड गॅस्केट गयेला है. दुसरं काय?" तू मान डोलावलीस.

हेड गॅस्केट म्हणजे काय ते तू मला फार आधी समजावलं होतंस. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्या मधे एक पातळ थर असतो. त्याच्या एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला पाणी. "दोन भाऊ वेगळे निघाले की मधात भिंत घालतात ना, तशी थे. भिंतीले भोक पडलं की आग पान्याच्या घरात जाते, पानी आगीच्या घरात. मंग रोज भांडन." म्हणजे रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर ते आगीचा धूर असणार, असं सगळे धरून चालतात. तूही धरलंस. पण त्याच दिवशी तू आणखी एक सांगितलं होतंस, ते तू विसरलास आणि मी नाही विसरले. "थंड गाडीत पाहाव. आग थंड-गरम पाहत नाई. भिंतीले भोक असन तर पहिल्या झटक्यालेच बुडबुडा येते."

म्हातारी बिघडून उभी राहिली तेव्हापासून बॅटरी उतरू नये म्हणून मी सकाळी सकाळी तिला चालू करायची. तू आजारी पडून खाटेवर होतास, तेव्हा एकदा झाकण उघडं होतं. पाणी शांत होतं. मी धावत येऊन तुला सांगितलं.

"गरम होऊ दे, मंग पाय," तू म्हणालास.

"गरम झाल्यावर येतेत रे. थंडी असताना नाई येत. तूच तं सांगतलं होतं."

"पट्टा पानी ढवळते, म्हून दिसले नसन."

"ढवळल्यावर तं जास्त दिसाले पाह्यजे."

"सुमे, तू पापड लाट वं. इंजिन मले पाहू दे." आणि हसलास, आणि मग खोकला आला. मला टोचलं. तू पाहिलंस की टोचलं. म्हणालास, "बरा झालो की दोघं पाहू. तू खरी निघाली तं कान धरीन."

पुढचं लिहीत नाही. ते तुझ्या-माझ्यातलं आहे आणि ते दवाखान्यातच राहू दे.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाला खूप माणसं आली होती, भाऊ. तू किती जणांच्या गाड्या फुकट ढकलून दिल्या होत्यास ते त्या दिवशी कळलं. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मग जवळचे चार लोक शेडमध्ये बसले. वहिनीनं रशीदभाईंना विचारलं की गाडीचं काय करावं. ते म्हणाले, हेड खोलावं लागेल, या गाडीचं गॅस्केट बाजारात मिळत नाही, अकोल्याला कापून घ्यावं लागेल, आणि खोलल्यावर हेडच वाकलेलं निघालं तर सगळा खर्च पाण्यात.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जातानी यायनं एकच सांगतलं मले. सुमीचे पैसे पहिले. माह्याजवळ दुसरं काही नाई. नांदुऱ्याचा भंगारवाला वजनावर घ्याले तयार हाये. सोमवारी येते. जे येईन थे ताईचं."

म्हणजे माझ्यासाठी म्हातारी कापली जाणार होती. मी कोपऱ्यात पदर धरून बसले होते. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, थंड पाणी, गरम पाणी, सगळं. मी वाट बघत होते की कोणी तरी मोठ्यानं म्हणेल, "मले वाटते..." कोणीच म्हणालं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू खरंच गेलास.

घरी जाताना कसंबसं वहिनीला एवढंच म्हटलं, "सोमवारी तो यायच्या आधी एकदा चालू करून पाहू का?"

"पाहा ना ताई. तुमचीच हाये थे."

तर आज सोमवार. आता ऐक!

सकाळी शेडच्या पत्र्यावर दव होतं. इंजिन दगडासारखं गार. मी झाकण काढलं आणि रेडिएटर काठोकाठ भरला. तू पट्ट्याचं बोलला होतास ना? मग मी पट्टाच उतरवायला घेतला, पाण्याचा पंप त्यावरच फिरतो, म्हणजे पाणी ढवळायला काही उरणार नाही. बोल्ट करकरला आणि मी न बघता मागे हात केला. वहिनीनं हातात पक्कड ठेवली. मी तशीच थांबले, पक्कड धरून. वहिनी म्हणाली, "चुकलं का?" मी म्हटलं, नाही, ठीक आहे. मग दोघींनीही नाक पुसलं आणि मी स्वतःच पान्हा शोधला.

चालू केली. म्हातारी दोनदा खोकली आणि लागली. मी रेडिएटरच्या तोंडावर वाकले. भाऊ, परातीत ठेवलेल्या पाण्यासारखं पाणी! आत आग फटके मारत होती आणि वर माझं तोंड दिसत होतं. थोडं हलत होतं, पण बुडबुडा एक नाही. मी वहिनीला बोलावलं, "पाहा, पाहा." ती म्हणाली, "काय पाहू? काहीच तं नाई." मी म्हटलं, "थेच पाहा!"

पट्ट्याशिवाय फार वेळ ठेवायची नसते, म्हणून लगेच बंद केली. मग प्लग काढले आणि ओळीनं मांडले. ज्या घरात पाणी शिरतं तिथला प्लग वाफेनं धुतल्यासारखा निघतो, हे तूच दाखवलं होतंस. सगळे सारखे तपकिरी होते, भाजलेल्या उडदासारखे. ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. स्वच्छ. मग ती झाकणाखालची साय कसली? तर थंडीत मी रोज जराशीच चालू करून बंद करायची ना, तिचाच घाम तो. ऑइल पुरतं तापलंच नाही तर झाकणाला साय धरते.

आता पट्टा चढवला, झाकण उघडंच ठेवलं, आणि तिला तापू दिलं. गरम असताना झाकण काढलं नाही, आधीपासून काढलेलं होतं. तू ओरडशील म्हणून आधीच सांगते.

थोड्या वेळानं सुरू झालं. आधी बारीक बारीक, मग भराभर, मग पांढरा फेस. फेस फुगून पाणी बाहेर टाकायच्या नळीतून खाली सांडायला लागला. मी मनात म्हटलं, म्हणून पाणी रोज कमी होतं! ते इंजिन पीत नाही, ते उतू जातं. पण येतं कशानं?

नळीच्या तोंडाशी जुना फेस वाळून पांढरी खपली धरली होती. मी ती बोटानं खरवडली आणि ओल्या हातानं चोळली. बुळबुळीत लागली. आणि भाऊ, आधी माझ्या हातानं ओळखलं, डोक्याला मागून कळलं. रोज सकाळी उडदाच्या पिठासाठी मी जे पाणी उकळते, त्यात जे टाकते, ज्यानं ते पाणी फसफसून वर येतं आणि हाताला असं बुळबुळीत लागतं, तेच हे! मी खपली जिभेला लावली.

"ताई!" वहिनी किंचाळली. "येड लागलं का तुमाले?"

"वहिनी," मी म्हटलं, "हे खार हाये. पापडखार!"

आणि त्याच क्षणी माझ्या कानात मावशी ओरडली. तळ्यातून वर आणता आणता माझे गुडघे गेले!

लोणारचं तळं म्हणजे खारच. जुन्या बाया त्याच खारानं पापड करायच्या असं आपली आई सांगायची. ते पाणी आपण हसत हसत म्हातारीच्या पोटात ओतलं आणि वर रोज साधं पाणी टाकत राहिलो. पुरतं रिकामं कधी केलंच नाही. थंड असताना ते गप्प बसायचं, तापलं की पापडाच्या पाण्यासारखं फसफसायचं. फेसानं काय इंजिन थंड होतं? म्हणून काटा वर. तू म्हणालास, पापड लाट. भाऊ, मी पापड लाटते म्हणूनच मला कळलं!

"लिंबू आना वहिनी, पळा!"

ती पळाली. आणि तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. नांदुऱ्याचा भंगारवाला, अंगानं जाड, गळ्यात गमछा, खाली उतरून म्हातारीभोवती फिरायला लागला. बोटानं पत्रा वाजवत होता, जसं कलिंगड वाजवतात. एरवी मी भिंतीकडे तोंड केलं असतं. आज माझ्या बोटावर खपली होती आणि भिंत कुठे आहे ते आठवलं नाही.

वहिनीनं लिंबू कापूनच आणलं. मी नळीच्या तोंडाशी ती खपली होती तिथे पिळलं. चर्र करून फेस आला, असा की वहिनी मागे सरली. मग एका वाटीत रेडिएटरचं पाणी काढून त्यात पिळलं. तेही फसफसलं.

भंगारवाला वाकून बघत होता. "बाई, गाडीतून सोडा काढून राह्यल्या का? मले बी द्या एक गिलास."

मी सरळ त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "गाडी विकाची नाई."

ते कोणी म्हटलं हे कळायला मलाच थोडा वेळ लागला. आवाज मोठा होता. शेजारची बाईसुद्धा कुंपणाशी आली.

"अवो, टेम्पोचं डिझेल जाळून आलो ना मी नांदुऱ्याहून!"

"चहा घ्या. जुन्या बॅटऱ्या हायेत मागं, थ्या न्या. गाडी नाई."

वहिनी माझा हात धरून बाजूला घेऊन गेली. "पन ताई, तुमचे पैसे? यायनं मले शब्द घ्याले लावला."

"माह्ये पैसे म्हातारीच देईन मले. तिचं काही गेलं नाई वहिनी. तिच्या पोटात खार हाये नुसता."

वहिनीनं माझा हात सोडला. मग तिनं भंगारवाल्याला विचारलं, "साखर किती टाकू?"

रशीदभाईंना फोन केला. ते दुपारच्या आत आले. मी सगळं सांगितलं, त्यांच्याकडे बघून, मधे न थांबता. ते ऐकून घेत होते आणि दाढी खाजवत होते. मग म्हणाले, "थंडी असताना एक बी नाई?" मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी खपली बोटावर घेतली, जिभेला लावली, थुंकले, आणि असे हसायला लागले की खाली बसले. "या अल्ला! आम्ही सब लोक बुडबुडे पाहत बसलो, थे कवा येतेत हे पाह्यलंच नाई. अन् ती मावशी बिचारी गला फाडके सांगत होती!" मग स्वतःच बाह्या वर केल्या. खालचा नळ उघडला, पाणी सोडलं, नवीन भरलं, चालवलं, पुन्हा सोडलं. इंजिनाच्या पोटातलंही काढलं. दर वेळी मी बोटांनी पाणी चोळून बघत होते. बुळबुळ गेली, बोटं करकरीत झाली, तेव्हा मी मान हलवली. तेव्हाच ते थांबले. वरची नळी घासून पुसली, आपल्या घरच्या गोड विहिरीचं पाणी भरलं आणि झाकण लावलं.

"बसा दोघी बी," म्हणाले.

मेहकरपर्यंत गेलो, भाऊ! मी पुढे, वहिनी मागे. वहिनी त्या गाडीत कधी बसलीच नव्हती, खुराडं म्हणाली होती म्हणून अडून बसली होती. आज खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती, आणि ओळखीचं माणूस दिसलं की हात हलवत होती. रडत पण होती. मी काट्यावरून नजर काढली नाही. चढ आला. काटा मधे होता, मधेच राहिला. रशीदभाईंनी मुद्दाम चढावर एका बैलगाडीच्या मागे हळू चालवली, तरी हलला नाही. मेहकरला गाडी थांबवून बोनट उघडलं. टीपभर पाणी बाहेर नाही. मला टाळी वाजवावीशी वाटली. मी वाजवली. रस्त्यावर, माणसांत.

रशीदभाई म्हणाले, "उस्ताद असता तं आज कान धरून उभा असता."

त्यांना ते माहीत होतं. तू त्यांनाही सांगितलं होतंस, म्हणजे तुझ्या मनात ते होतं. म्हणजे तुलाही वाटत होतं की मी खरी असेन. हे मला आज कळलं, आणि मग परतीच्या रस्ताभर मी तेच घोळवत बसले. जिंकण्यात काय मजा आहे, समोर हरणारा नसेल तर? मला तुझा तो चेहरा पाहिजे होता. हरल्यावर तू आधी आकाशाकडे बघायचास, मग जमिनीकडे, मग कान धरायचास, तो. पण खरं सांगू? दुःख आहे, तरी आनंद मावत नाही. तू मला भिंतीकडे तोंड करून बसू दिलंस, पण कान उघडे ठेवायला शिकवलंस. आज जे केलं ते सगळं तुझंच होतं, फक्त खार माझा.

चिठ्ठ्या संपत आल्या. उद्याच्या पापडाला उरल्या पाहिजेत.

*

भाऊ, पुन्हा लिहायला बसले आहे. मधे लग्नसराई येऊन गेली.

म्हातारीला इतकी मागणी आली की पोरी आधी गाडी ठरवतात आणि मग मंडप. रशीदभाई स्वतः चालवतात, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. मी पुढे बसते. माझ्या पायाशी दोन कॅन असतात गोड पाण्याचे, आणि नियम असा आहे की माझ्या बोटांनी पाहिल्याशिवाय तिच्या तोंडात थेंब जात नाही. नवरदेवाकडचे लोक विचारतात, ह्या बाई कोण? रशीदभाई म्हणतात, "इंजिनियर." मी आधी लाजायची. आता पापडाची पुडी पुढे करते.

एकदा लोणारलाही गेलो. मांडवात ती मावशी भेटली. तिनं गाडी लांबूनच ओळखली आणि कमरेवर हात ठेवून आली. "माह्यं औषध परत दे!" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्या सांगतच होती ना, तळ्याचं हाये म्हून! कोनी आयकलं? सारे दात काढत होते." मी म्हटलं, मावशी, मीही काढत होते. मग मी कान धरले, तुझ्या वाटचे. तिला दोन किलो पापड दिले. तिच्या पायाची खाज गेली आहे, डॉक्टरांच्या मलमानं.

प्रत्येक भाड्यानंतर वहिनी पेट्रोल, रशीदभाईंची मजुरी बाजूला काढून उरलेले माझ्या हातात ठेवायची. मी म्हणायची, राहू द्या, तुम्हाला लागतील. ती ऐकायची नाही. तुला शब्द दिला आहे म्हणायची. खरं सांगते भाऊ, मला ते पैसे फिटायला नको होते. तुझं माझ्याकडे काही बाकी आहे, एवढा एक धागा होता. संध्याकाळी शेडचं कुलूप वाजलं की मी अजूनही आतून हाव हाव म्हणायला तोंड उघडायची. कुलूप आता वहिनी लावते.

आज तिनं कुलूप लावलं आणि माझ्या दारात थांबली. पदराच्या गाठीतून नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या.

"हे शेवटचे ताई. पुरे झाले."

मला म्हणायचं होतं, नको. मग तुझं वाक्य आठवलं, उधार आहे, दान नाही. तू मला कधी लहान केलं नाहीस. मग मी तुला कशाला करू? मी पैसे घेतले, कपाळाला लावले. वहिनी गेली. मी दारातच उभी राहिले, तू जायचास त्या वाटेकडे बघत, आणि मोठ्यानं म्हटलं, वाटेवरच्या कोणालाही ऐकू जाईल असं.

"हाव भाऊ, पोचले. सारे पोचले."